सगळ्यांचा तास, कुणाचाच नाही?

गेल्या अंकात मी विद्यापीठांतल्या सामाईक कोर्सबद्दल चार ओळी लिहिल्या आणि पत्रं मागवली. सामाईक कोर्स म्हणजे शाखा कुठलीही असो, सगळ्यांना एका वर्गात बसवून विचार करणं, लिहिणं, बोलणं, आकडे वाचणं असलं काहीतरी शिकवणारा तास. आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त तक्रारीची निघाली. बरं झालं. संख्याशास्त्र शिकवता शिकवता मीही असा एक तास १४ वर्षं घेतला, आणि त्यातली पहिली तीन वर्षं वाईट घेतला. त्यामुळे ही पत्रं वाचताना कुणीतरी माझीच जुनी वही तपासतंय असं वाटत राहिलं.

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्यातले तीन तास 'चिकित्सक विचार आणि संवाद' नावाच्या कोर्सला जातात. सर स्लाइड दाखवतात : चिकित्सक विचाराच्या सहा पायऱ्या, चांगल्या श्रोत्याचे सात गुण. परीक्षेत त्याच पायऱ्या लिहायच्या. हे तास लॅबमध्ये दिले असते तर माझं भलं झालं असतं. बाई, खरं सांगा, याचा काही उपयोग असतो का?

उत्तर : तू लिहिलायस तशा कोर्सचा नसतो. जिन्याच्या पायऱ्या मोजून कुणी माडीवर पोचत नाही. पायऱ्या पाठ करायला लावल्या की पेपर तपासायला सोपे जातात, एवढीच त्यातली सोय.

पण 'लॅबमध्ये दिले असते तर' या वाक्यापाशी मी अडखळले. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी चार शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना रोजच्या जगातले प्रश्न घातले होते. एवढ्याशा नमुन्यावरून एवढं मोठं विधान करता येईल का, हे खरंच कारण आहे की नुसतं सोबत आलेलं आहे, अशा धाटणीचे. पहिल्या वर्षातली मुलं आणि दोन वर्षं शिकून झालेली मुलं यांची तुलना केली. मानसशास्त्राची आणि वैद्यकाची मुलं चांगलीच सुधारलेली दिसली. कायद्याची 'जर-तर'च्या तर्कात पुढे गेली होती, पण अशा प्रश्नांत नाही. आणि रसायनशास्त्राची जागच्या जागी. राग मानू नकोस, ती मुलं कमी हुशार होती असं नव्हे. आम्ल आणि अल्कली आज मन थाऱ्यावर नाही म्हणून वेगळं वागत नाहीत. त्यामुळे योगायोग, गोंधळलेली कारणं, निवडक नमुने यांच्याशी झुंजायची वेळ त्या मुलांवर मानसशास्त्रवाल्यांइतकी येत नाही. म्हणजे तुझी लॅब तुला पुष्कळ शिकवेल, पण जे तिच्या कामाला लागत नाही ते शिकवणार नाही.

माझ्या वर्गातलं एक सांगते. प्रत्येकानं आपल्या विषयातलं, स्वतः लिहिलेलं एक पान घेऊन यायचं असा नियम होता. एकदा रसायनशास्त्राच्या एका मुलानं टायट्रेशनची वही आणली. टायट्रेशन म्हणजे रंग बदलेपर्यंत एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडायचं आणि किती लागलं ते ब्युरेटवर, म्हणजे तोटीच्या मापननळीवर, वाचायचं. ब्युरेटची रीडिंग १०.६, ९.८, ९.८. पहिल्यावर काट. शेजारी इतिहासाची मुलगी बसलेली. तिनं विचारलं, "हे का खोडलंस?"

"जुळत नाही म्हणून."

"आमच्याकडे तीन साक्षी असल्या आणि एक जुळत नसली, तर आधी तीच वाचतात. उरलेल्या दोघी एकमेकींची नक्कल असू शकतात."

मुलगा गप्प झाला. मग जरा वेळानं म्हणाला, की पहिलं रीडिंग अंदाजाचं असतं. रंग नेमका कुठे बदलणार ते ठाऊक नसतं, तोटी सोडलेली असते, थेंब पुढे जातात. म्हणजे खोडायला कारण होतं आणि चांगलं होतं. पण ते वहीत नव्हतं, आणि तिनं विचारेपर्यंत त्याच्या डोक्यातही नव्हतं. 'असंच करतात' म्हणून तो करत होता. त्यानं समासात ओळ लिहिली. मुलीनंही काहीतरी टिपून घेतलं. मी डोकावले तर 'साक्षीदाराची पहिली जबानीही अंदाजाची असते का?' असं होतं.

तुझ्या वर्गात हे होत नाही, पण त्यासाठी लागणारी माणसं तिथेच बसलेली आहेत. स्लाइड चालू असताना शेजारी जी दुसऱ्या शाखेची कुणी असेल तिला विचार, की तुमच्याकडे पुरावा कशाला म्हणतात आणि कशाला म्हणत नाहीत. परीक्षेत सहा पायऱ्या लिही आणि मार्क घेऊन मोकळी हो, त्यावर राग खर्च करण्यात अर्थ नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला या सत्रात सामाईक कोर्सच्या यादीतून एक निवडायचा आहे. नावं एकापेक्षा एक भारी आहेत, 'एकविसाव्या शतकातलं नेतृत्व', 'माहितीचं जग', 'सर्जनशील विचार'. कोणता घ्यावा?

उत्तर : निवड तिची आणि पत्र तुमचं, हे मी पाहिलं न पाहिल्यासारखं करते.

नावांवर जाऊ नका. नाव ठेवायला एक दुपार पुरते. कोर्सच्या माहितीपत्रकात, किंवा गेल्या वर्षी तो केलेल्या मुलांकडे, एवढंच शोधायला सांगा : सत्रभरात लिहिलेलं काम किती वेळा तपासून परत मिळतं, आणि परत मिळाल्यावर तेच सुधारून पुन्हा द्यायचं असतं का? उत्तर 'शेवटी एक प्रोजेक्ट' असं आलं तर पुढचं नाव बघा. त्या प्रोजेक्टवरचे शेरे मिळतात तोवर कोर्स संपलेला असतो, आणि संपलेल्या कोर्सचे शेरे कोण वाचतं?

यादी अशी का असते तेही सांगते, म्हणजे गोंधळ कमी होईल. विद्यापीठं हे काम तीन-चार वेगवेगळ्या समजुतींनी करत आली आहेत. एक समजूत अशी, की सगळ्यांनी तेच वाचावं आणि त्यावर भांडावं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं १९१९ साली पहिल्या महायुद्धानंतर असा सक्तीचा कोर्स सुरू केला, तो अजून चालू आहे. दुसरी, की प्रत्येकानं आपल्या शाखेबाहेरचं काहीतरी घ्यावं. मेलबर्न विद्यापीठानं २००८पासून पदवीचा साचाच तसा बदलला. तिसरी, की विषयांऐवजी मोठमोठे प्रश्न घ्यावेत. हाँगकाँग विद्यापीठानं २०१२ साली पदवी तीनची चार वर्षांची झाली तेव्हा अशा प्रश्नांभोवती बांधलेले सामाईक कोर्स आणले. आणि चौथी समजूत, मला सगळ्यात पटणारी, अशी की वेगळा तास ठेवूच नये. अमेरिकेत मिलवॉकीला अल्व्हर्नो नावाचं छोटं कॉलेज आहे. त्यांनी १९७३ साली आठ क्षमता ठरवल्या आणि प्रत्येक विषयाच्या शिक्षकानं आपापल्या विषयातूनच त्या शिकवायच्या आणि तपासायच्या असं ठरवलं. हे अवघड आहे, कारण सगळ्या शिक्षकांना एकमेकांशी बोलावं लागतं.

तुमच्या मुलीच्या यादीत बहुधा पहिल्या तीन समजुती एकत्र कालवलेल्या असतील. तिला ज्याचं वाचन आवडेल तो कोर्स घेऊ दे, फक्त तो परत मिळणाऱ्या कामाचा मुद्दा तेवढा तपासा. तपासा म्हणजे तिला तपासू द्या.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, नोकरीचं दुसरं वर्ष. विभागात सगळ्यात नवा म्हणून 'समस्या सोडवण्याची कौशल्यं' हा सामाईक कोर्स माझ्या गळ्यात पडला आहे. ६० मुलं, पाच शाखा. मला यातलं काहीच येत नाही असं वाटतं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मलाही असाच गळ्यात पडला होता, आणि मी जे केलं ते करू नका म्हणून आधी तेच सांगते. मी तर्कदोषांची यादी काढली. १२ दोष, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचं एक मजेदार उदाहरण. मुलं हसली, वर्ग छान गेला असं मला वाटलं. पेपरात सगळ्यांनी बाराच्या बारा ओळखले. आणि त्याच महिन्यात त्याच मुलांचे आपापल्या विषयांचे प्रोजेक्ट अहवाल माझ्याकडे संख्याशास्त्राच्या मदतीसाठी आले, तर बारातले निदान सात दोष त्यांत जसेच्या तसे. माझ्या वर्गात शिकलेलं माझ्या वर्गातच राहिलं होतं.

असं का होतं हे मला नंतर एका प्रयोगातून उमगलं. तो तुम्ही पहिल्याच तासाला वर्गात करून बघा, सामान काही लागत नाही.

मुलांना एक कोडं द्या. रोग्याच्या पोटात गाठ आहे, शस्त्रक्रिया करता येत नाही. किरणांनी ती मारता येते, पण गाठ मरेल एवढे तीव्र किरण सोडले तर वाटेतला निरोगी भागही मरतो. सौम्य किरणांनी वाटेतल्या भागाला काही होत नाही, पण गाठीलाही होत नाही. काय कराल? कार्ल डुंकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं हे जुनं कोडं. उत्तर असं, की सौम्य किरण अनेक दिशांनी एकाच वेळी सोडायचे, ते गाठीवर एकवटले की तीव्र होतात. नुसतं कोडं दिलं तर साधारण दहातल्या एकाला सुटतं.

१९८० साली मेरी गिक आणि कीथ होल्योक या मानसशास्त्रज्ञांनी कोड्याच्या आधी लोकांना एक गोष्ट वाचायला दिली. सेनापतीला किल्ला घ्यायचा आहे. किल्ल्याकडे चहूकडून रस्ते जातात, पण रस्त्यांत सुरुंग आहेत. छोटी तुकडी सुखरूप जाते, सगळं सैन्य एका रस्त्यानं गेलं तर उडतं. सेनापती सैन्याच्या तुकड्या करतो, वेगवेगळ्या रस्त्यांनी पाठवतो आणि सगळ्या एकाच वेळी किल्ल्यावर पोचतात. आता उत्तर हातात दिल्यासारखंच झालं, नाही का? तरी गोष्ट वाचून लगेच कोडं सोडवणाऱ्यांत दहातल्या तिघांच्या आसपास लोकांनाच ते सुटलं. 'वाचलेल्या गोष्टीचा उपयोग होईल' एवढंच सुचवलं की तीन-चतुर्थांश लोकांना जमलं.

म्हणजे उत्तर डोक्यात होतं, पण बोलावल्याशिवाय बाहेर येत नव्हतं. आपल्या सामाईक कोर्सचं सगळं दुखणं इथे आहे. याच दोघांनी १९८३ साली पुढचं पाऊल टाकलं. एकाऐवजी दोन वेगळ्या गोष्टी दिल्या आणि त्यांच्यात काय सारखं आहे ते लिहायला लावलं. ज्यांना ते सारखेपण नीट लिहिता आलं त्यांच्यातल्या जास्त जणांना काही न सुचवताही कोडं सुटलं.

त्यानंतर मी यादी फेकून दिली. एका आठवड्याला एकच गोष्ट, पण दोन विषयांतून, आणि शेवटची वीस मिनिटं 'या दोन्हींत सारखं काय' हे प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं. एक आठवडा नुसता 'कशाच्या तुलनेत?' या प्रश्नावर घालवला. औषधानं ७० टक्के लोक बरे झाले. औषध न घेता किती झाले असते? नव्या बेअरिंगनं कंपन कमी झालं. वंगण त्याच दिवशी बदललं होतं का? तुम्ही यंत्रवाले, तुम्हाला दुसरं उदाहरण माझ्यापेक्षा बरं सापडेल. आणि म्हणूनच 'मला यातलं काही येत नाही' हे खरं नाही. यंत्र बिघडलं की तुम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून बघता. ती सवय समाजशास्त्राच्या मुलीला कशी उपयोगी पडेल आणि कुठे अजिबात पडणार नाही, कारण माणसांना एका वेळी एकच गोष्ट बदलून तपासता येत नाही, हा एक अख्खा आठवडा झाला.

तपासण्याचं काय? ६० मुलं, प्रत्येकी एक पान, पानाला चार मिनिटं, म्हणजे आठवड्याचे चार तास. पानाहून जास्त लिहून घेऊ नका. पानावर एकच शेरा द्या, पण असा की पुढच्या आठवड्यात त्यावर काहीतरी करता येईल. 'छान' आणि 'सुधारणा हवी' हे शिक्के विसरा. मी सत्राच्या मध्यावर मुलांना आपलंच पहिलं पान परत लिहायला द्यायचे. तो आठवडा तपासायलाही आवडायचा.

एक मात्र सांभाळा. वरिष्ठ तुमच्याकडे क्षमतांचा तक्ता पाठवतील आणि प्रत्येक मुलाला 'सर्जनशीलता'मध्ये पाचापैकी किती ते भरायला सांगतील. भरून द्या. पण तो तक्ता हातात धरून शिकवू नका.

प्रश्न : आमच्या काळी गणित आणि अभिजात भाषा शिकल्या की बुद्धीला आपोआप धार यायची. आता धारेसाठी वेगळा कोर्स. मूळ विषय नीट शिकवले तर ही थेरं लागतील कशाला?

उत्तर : 'आपोआप' सोडून बाकी पत्राशी मी बरीचशी सहमत आहे. ही कल्पना फार जुनी आणि मानाची आहे. १८२८ साली अमेरिकेतल्या येल कॉलेजनं अहवाल काढून तीच मांडली होती, की आधी मनाला शिस्त, मग मनात माल. पण १९०१ साली थॉर्नडाइक आणि वुडवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी ती तपासली. लोकांकडून आयतांच्या क्षेत्रफळाचा अंदाज करण्याचा भरपूर सराव करून घेतला. लोक तरबेज झाले. मग त्यांच्यापुढे वेगळ्या आकाराच्या आकृत्या ठेवल्या, तर ती तरबेजी बरीचशी गळून पडली. १९२४ साली थॉर्नडाइकनं साडेआठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांची वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी परीक्षा घेतली. कोणी लॅटिन घेतलं आणि कोणी व्यवहारोपयोगी विषय, यानं बुद्धीच्या वाढीत जवळजवळ काही फरक पडलेला नव्हता. हुशार मुलं लॅटिन घेत, म्हणून लॅटिननं हुशारी येते असं वाटत होतं.

तरी निराश होऊ नका, मी माझ्याच विषयाची बाजू घेणार आहे. १९८६ सालच्या एका अभ्यासात संख्याशास्त्राच्या कोर्समधल्या विद्यार्थ्यांना फोन गेले, काहींना सत्राच्या सुरुवातीला, काहींना शेवटी. फोन करणाऱ्यानं कोर्सचं नावही काढलं नाही, खेळांविषयीची पाहणी म्हणून सांगितलं. त्यात एक प्रश्न होता, की बेसबॉलमध्ये पहिल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरलेला खेळाडू दुसऱ्या वर्षी सहसा तितका का चमकत नाही? सुरुवातीला बहुतेकांनी डोक्यात हवा गेली, दडपण आलं अशी कारणं दिली. सत्राच्या शेवटी विचारलेल्यांत, त्या पहिल्या वर्षात नशिबाचाही वाटा होता आणि नशीब रोज येत नाही, असं म्हणणारे वाढले होते. घरी, फोनवर, वर्गाची आठवणही नसताना! मी हा अभ्यास वाचला त्या दिवशी उगीचच दोन मजले जिना चढून गेले.

तेव्हा मूळ विषय नीट शिकवा हे बरोबरच. पण त्यातलं तत्त्व तत्त्व म्हणून दाखवायचं, आणि ते विषयाबाहेर एकदा तरी चालवून बघायचं.

प्रश्न : आमच्या सामाईक कोर्समध्ये ग्रुप प्रोजेक्ट आहे. पाच जण, काम माझं, मार्क सगळ्यांना सारखे. सरांना सांगितलं तर म्हणाले, 'संघभावना शिकण्यासाठीच तर आहे.'

उत्तर : मुखपृष्ठावर पाच नावं छापून संघभावना येत असती तर टेलिफोन डिरेक्टरी हा जगातला सगळ्यात मोठा संघ झाला असता.

डेन्मार्कमधली रॉस्किल्डे आणि ऑलबोर ही विद्यापीठं अनुक्रमे १९७२ आणि १९७४ साली निघाली ती गटानं करायच्या प्रोजेक्टवरच उभी राहिली. तिथे प्रोजेक्ट हे मुख्य काम असतं, गटाला मार्गदर्शक असतो, तो सत्रभर सोबत असतो. शेवटच्या पंधरवड्यात 'पाच-पाचचे गट करा' म्हणणं वेगळं.

सरांपुढे तक्रार न्याल तर ते बचावात जातील. त्यापेक्षा एक सोय मागा : अहवालासोबत प्रत्येकानं स्वतंत्र अर्धं पान द्यायचं, त्यात 'या कामातला कोणता निर्णय माझा होता आणि तो का घेतला' एवढंच लिहायचं. ज्यानं काम केलेलं नसतं त्याला हे अर्धं पान फार लांब वाटतं. आणि तुम्हीही जरा आठवून बघा, चौघांना करण्यासारखं काही तुम्ही शिल्लक ठेवलं होतं का? हे मी विचारतेय कारण विद्यार्थिदशेत मी ठेवत नसे.

प्रश्न : नोकरीच्या अर्जात या कोर्सचा उल्लेख कसा करावा?

उत्तर : 'उत्तम संवादकौशल्य, चिकित्सक विचार, संघभावना' ही ओळ असेल तर काढून टाका, प्रत्येक अर्जात ती असते. त्या जागी कोर्समध्ये केलेलं एक काम लिहा, दोन ओळींत. कुणासाठी केलं, आधी काय होतं, तुम्ही काय बदललं. मुलाखतीत त्यावरच विचारतील, म्हणून खोटं लिहू नका, आणि त्या कामाची पहिली, चुकलेली प्रत हाताशी ठेवा.